पोतं क्रमांक एकेचाळीस

जानेवारी. नेवाडाच्या वाळवंटात काल बर्फ पडला
आणि फोन सकाळपासून एकच विचारतोय: बी आहे का?

जुलैत जळालं ते अजून काळंच आहे,
टेकडीमागं टेकडी, कुंपणाचे खांबसुद्धा कोळसा.
बर्फ आहे तोवर विमानानं वरून फेकायचं,
वितळतं पाणी बी मातीत ओढून नेतं.
पंधरा दिवस मिळतील. फार तर वीस.

सेजब्रशचं बी म्हणजे बी म्हणावं की नाही असं.
एका ग्रॅमात साडेचार हजार.
मी जोरात श्वास सोडला
तर टेबलावरून एक टेकडी उडून जाते,
म्हणून या खोलीत मी हळू बोलते.
घरीही हळू बोलते.

गोदाम व्हर्ल थीगसनचं. सत्तरी उलटली,
रजिस्टर अजून पेन्सिलनं लिहितो.
"आग लागली की सगळे धावत येतात," तो म्हणतो,
"न लागलेल्या वर्षी दोन पोती घेऊन ठेवा म्हटलं
तर कुणाकडं पैसे नसतात.
आणि हा काही गहू नव्हे, कणगीत भरून ठेवायला.
दोन उन्हाळे गेले की झोपलेलं बी झोपलेलंच राहतं."

मग येतं ते दुसरं गवत, कधीकाळी आशियातून आणलेलं,
स्वस्त, भरवशाचं, मागाल तेवढं.
उगवतं. हिरवं दिसतं. फोटो चांगला येतो.
रानकोंबडा मात्र हिवाळ्यात
त्यातून नुसता चालत जातो, उपाशी.

बी गोळा करते एउसेबिया तारांगो,
नोव्हेंबर सरताना, बोटं बधिर झालेली,
सोबत भाऊ आणि दोन मुलं.
हातात टेनिसची जुनी रॅकेट, पोटाशी टोपलं,
झुडपाला चापट, एक पाऊल, चापट.
पैसे वजनावर.
तिच्या स्वेटरला तो कडू वास वर्षभर असतो,
बिलांच्या कागदांनाही.

एकेचाळीस तिचं.
चिठ्ठीवर लिहिलेलं: सखल, कोरडं रान.
नेमकं हवं ते.
शंभर बिया चिरून मी रसायनात भिजवल्या,
सकाळी ब्याण्णव लाल.
लाल म्हणजे जिवंत.
व्हर्लनं टोपी काढली, प्रार्थनेला काढतात तशी.

मग, केवळ सवय म्हणून,
चिमूटभर पाण्यात कुस्करली, खोलीतले दिवे घालवले
आणि जांभळ्या दिव्याखाली धरली.

सखल रानातलं बी अंधारातच राहतं.
हे निळं झालं.

डोंगरावरचं होतं ते. पिढ्यान्‌पिढ्या बर्फ प्यायलेलं.
खाली उगवेलही, एखादं ओलं वर्ष तगेलही,
मग पहिल्या खऱ्या उन्हाळ्यात मुकाट्यानं जाईल.
शेजारी राहून गुण लागतो, वाण लागत नाही.

एउसेबियाला फोन केला.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"खाली यंदा दाणाच धरला नव्हता," ती म्हणाली.
"पोरं गाडीत होती, पेट्रोल जळत होतं. वर चढलो."
मग विचारलं, "पण जिवंत आहे ना?"
ब्याण्णव, मी म्हणाले.
"मग?"

मी चूक सांगायला फोन केला होता.
त्या "मग?"वर मला काही सुचलं नाही.

व्हर्लनं रबर घेतलं, चिठ्ठीवरचं रान खोडलं,
तिथं डोंगर लिहिला.
तिचे पैसे पूर्ण दिले,
कुठल्या खात्यातून ते मी विचारलं नाही.
पोतं थंड खोलीत ठेवलं, मागच्या फळीवर,
वर अजून न लागलेल्या एका आगीच्या नावानं.
तिला यायचं तर दोन वर्षांच्या आत यावं लागेल,
असं मनात आलं आणि लाज वाटली.

विमान पहाटे उडालं, एका पोत्यानं हलकं.
नकाशात खाली उजवीकडं एक चौकोन कोरा राहिला,
तिथं गवत आपणहून येईल, त्याला बोलवावं लागत नाही.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं,
चाळीस गेली, एक राहिलं.
"काय?" तो म्हणाला. "जरा मोठ्यानं बोल."